तीर्थ, सहल आणि सोबत

॥ रामकृष्णहरि ॥



गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही. कोणी फारच आग्रह केला, तर बसून प्रवचन करतो. एरवी अर्धापुरात घराच्या ओट्यावर बसून असतो. केशवराजाच्या दर्शनाला जाणारी-येणारी माणसं टेकतात, बोलतात, काही विचारतात. मागच्या चातुर्मासात केळीच्या व्यापारातला एक तरुण आला. नवीन लग्न झालेलं, गळ्यात माळ. म्हणाला, "महाराज, वडील म्हणतात बायकोला घेऊन काशीला जाऊन ये. बायको म्हणते, एखादं शहर बघू, फिरू. नुसतं बघत हिंडणं परमार्थाच्या आड येतं का?"

पाच-सहा वर्षांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी क्षणात उत्तर दिलं असतं. उत्तर पाठच होतं. डोळा हे इंद्रिय, रूप हा त्याचा विषय. विषय कितीही द्या, इंद्रियाचं पोट भरत नाही. यात्रेत माणूस देव बघायला जातो आणि सहलीत स्वतःची हौस बघायला जातो. वर नामदेवरायांचा दाखला. ज्ञानोबा माउली तीर्थयात्रेला चला म्हणाले, तेव्हा नामदेवांची पंढरी सोडायची तयारी नव्हती. सगळी तीर्थं जर विटेवरच्या पायांशी आहेत, तर कशासाठी हिंडायचं? इतकं सांगून मी टाळकऱ्यांना खूण केली असती आणि गजर सुरू झाला असता.

त्या तरुणाला मात्र मी हे उत्तर दिलं नाही. त्याला एका दिवसाची हकिगत सांगितली. तीच इथं लिहितो. लिहायला थोडी लाज वाटते, पण हकिगत माझी आहे, तेव्हा लाजही मीच सोसली पाहिजे.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातली तीस-बत्तीस माणसं गंगासागरला गेली होती. आम्ही उभयता त्यांत होतो. मकरसंक्रांतीचं स्नान झालं, कपिलमुनींचं दर्शन झालं आणि आम्ही कोलकात्याला परतलो. बडाबाजारात एका धर्मशाळेत मुक्काम होता. गाडी दुसऱ्या दिवशी होती, म्हणजे एक अख्खा दिवस मोकळा. कोणी झोपायचं ठरवलं, कोणी बाजाराला निघालं. मी पोथी काढून बसलो. तेवढ्यात मंडळी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथं ट्राम हाय म्हनं. मला एकदा बसायचं हाय."

मी म्हणालो, "आपण यात्रेला आलो आहोत, सहलीला नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. बॅगेतले धुतलेले कपडे पुन्हा घडी घालायला लागल्या. आमचं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं. पन्नास वर्षांत मी इतकं शिकलो आहे, की त्यांनी घडी घातलेल्या कपड्यांची पुन्हा घडी घातली म्हणजे काहीतरी मनात राहून गेलेलं असतं.

ते काय होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांचे एक मामा मुंबईला लालबागच्या गिरणीत होते. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला ते दरवर्षी गावी यायचे आणि येताना पोरांना खेळायला ट्रामची वापरलेली तिकिटं आणायचे. भाचीला म्हणायचे, "थोडी मोठी हो, तुला ट्राममध्ये बसवून मुंबई दाखवतो." मुंबईत ट्राम फार जुनी. ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, तेव्हा ती घोडे ओढत. १९०७ साली विजेवर चालू लागली. पुढं दोन मजली ट्रामही आल्या. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. निरोप द्यायला रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती. त्या वर्षी आमच्या मंडळी नऊ-दहा वर्षांच्या होत्या. मामा पुढच्या यात्रेला आले ते तिकिटांशिवाय. लग्नानंतर एकदा त्यांनी मला हे सांगितलं होतं, आणि मी हसलो होतो.

भारतात आता ट्राम रस्त्यावर उरली आहे ती कोलकात्यातच. तीही विझत आलेल्या समईसारखी. एके काळी शहरभर तिचे रूळ होते, आम्ही गेलो तेव्हा मोजके मार्ग चालू होते. मी पोथी बांधली आणि म्हणालो, "चला."

सकाळी प्रथम पायी गंगेवर गेलो. हावड्याच्या पुलाखाली मल्लिक घाटाजवळ फुलांचा बाजार भरतो. झेंडूच्या माळांचे ढीग माणसाच्या कमरेइतके. डोक्यावर माळांचे भारे घेऊन माणसं पळत असतात. वर तो अवाढव्य लोखंडी पूल, १९४३ साली खुला झालेला. नदीच्या पात्रात त्याला एकही खांब नाही. मी पूल बघत होतो, मंडळी माणसं बघत होत्या. मी आपला चालत सुटलो. पन्नास वर्षांची सवय. मागून हाक आली, "अवो, थांबा की जरा. गंगा काय पळून चालली का?"

मी थांबलो. मनात आलं, ही हाक मी याआधी कधी ऐकली होती? दिंडीत मी विणेकऱ्यांच्या पुढं टाळकऱ्यांत, आणि त्या मागं बायकांत, डोक्यावर तुळस घेऊन. दिंडीची शिस्तच तशी आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण सप्ताहाच्या गावी जाताना मी टाळ-वीणा घेऊन पुढं, त्या पिशव्या घेऊन मागं. अर्धापूरच्या बाजारातसुद्धा मी दहा पावलं पुढंच. आळंदी-पंढरी इतक्या वेळा झाली. एकाच वाटेनं आम्ही हजारो कोस चाललो असू, पण बरोबर असे चाललोच नव्हतो.

पुढं धर्मतल्याला, ज्याला एस्प्लनेड म्हणतात तिथं जाऊन श्यामबाजारची ट्राम धरली. लाकडी बाकं, छताला जुनाट पंखे. कंडक्टरनं दोरी ओढली की घंटी वाजते आणि गाडी सुटते. गाडी कसली, बैलगाडीची थोरली बहीण. सायकलवाले पुढं निघून जात होते. मंडळी खिडकीशी बसल्या. मी सवयीनं पुढच्या बाकावर जाऊन बसलो. मागं पाहिलं, तर त्या आपल्या शेजारची जागा हातानं झाडत होत्या. "इथं बसा की. हिथं काय बायकांची पंगत वेगळी न्हाई."

मी उठून शेजारी बसलो. खरं सांगतो, पहिली काही मिनिटं अवघडल्यासारखं झालं.

ट्राम कॉलेज स्ट्रीटवरून गेली. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या टपऱ्या, पुस्तकांच्या भिंतीच म्हणा. पुढं विधान सरणीवर उतरलो. तिथून जवळच्या गल्लीत स्वामी विवेकानंदांचं जन्मघर आहे. १२ जानेवारी १८६३ चा जन्म. संन्यास घेऊन भारतभर भ्रमण करताना १८९२ साली ते मुंबईहून पुण्याला निघाले, तेव्हा गाडीत लोकमान्य टिळकांची भेट झाली आणि पुण्यात ते टिळकांच्याच घरी उतरले. हे मी मंडळींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यांच्या आईनं त्यांना पुन्हा कवा बघितलं?" मला या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मी विवेकानंदांचे दाखले देत आलो, पण त्यांच्या आईचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

तिथून विचारत विचारत पायी जोडासांकोला गेलो. हे ठाकुरांचं, म्हणजे टागोरांचं घर. लोक रवींद्रनाथांसाठी तिथं जातात. मला मात्र ते घर तुकोबारायांसाठी बघायचं होतं. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. १८६४ पासून त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि शेवटी १८९७ साली ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. या मुलखात राहून ते मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. रवींद्रनाथांनीही काही अभंग बंगालीत उतरवले. देहूचा वाणी इंद्रायणीच्या काठावरून असा गंगेच्या काठी पोचला. तिथल्या उंच खांबांच्या सज्जात उभा राहून मी हे मंडळींना मोठ्या अभिमानानं सांगत होतो.

सांगता सांगता आणखी एक गोष्ट सांगितली. सत्येंद्रनाथ नोकरीवर रुजू झाले तेव्हा पत्नीला, ज्ञानदानंदिनी देवींना, बरोबर घेऊन मुंबईला आले. त्या काळी या घरातल्या बायका अंतःपुराच्या बाहेर पडत नसत. चौदा-पंधरा वर्षांच्या सुनेनं नवऱ्याबरोबर परमुलखात जाणं म्हणजे केवढी खळबळ झाली असेल! पण ते मागं हटले नाहीत. मुंबईत राहून त्यांनी साडी नेसण्याची जी नवी रीत बसवली, ती पुढं बंगालात पसरली.

मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुकोबांचे अभंग ज्यांनी बंगालीत केले, तेच का हे?"

"हो, तेच."

"बरं," इतकंच म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

आता लाजेची गोष्ट. बाहेर चितपूर रस्त्यानं चालताना त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. दुपारची वेळ, रस्ता गजबजलेला. त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. पलीकडच्या कोपऱ्यावर चांभार बसलेला दिसला. मी ती चपल उचलली आणि निघालो. बायकोची चपल हातात घेऊन मी जन्मात चाललो नव्हतो. पण इथं मला ओळखणारं कोण होतं? कपाळी बुक्का-गंध, डोक्याला फेटा, हातात चपल, असा मी बिनघोर चाललो होतो. बरंही वाटत होतं.

तेवढ्यात समोरून आमच्याच यात्रेतले दोघे जण आले. हातात खरेदीच्या पिशव्या. मला बघताच म्हणाले, "महाराज, इकडं कुठं?"

माउली, माझा हात माझ्याआधी हलला. चपल उपरण्याखाली गेली. मी म्हणालो, "जरा पाय मोकळे करायला निघालो."

आणि वारकऱ्यांची रीत, दोघंही वाकून माझ्या पाया पडले. मी एका हातानं त्यांना उठवलं. दुसरा हात उपरण्याखाली चपल घट्ट धरून होता. ते गेल्यावर मी मागं पाहिलं. पलीकडच्या पायरीवरून मंडळी बघत होत्या. सगळं त्यांनी पाहिलं होतं.

चांभारानं पाच मिनिटांत टाके घातले. चपल नेऊन दिली. त्यांनी पायात घातली, उठल्या आणि म्हणाल्या, "आजून एकदा ट्राममधी बसू या का?" ट्राम धर्मशाळेच्या उलट्या वाटेची होती. तरी पुन्हा कॉलेज स्ट्रीटपर्यंत चालत गेलो आणि ट्राममध्ये बसलो. या वेळी मी न सांगता शेजारी बसलो.

बराच वेळ गेल्यावर, खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "एक इचारू? तुमी कीर्तनात जिजाईची गोष्ट सांगताव. ती देवाला शिव्या देती, काळ्या म्हनती. लोक लई हसतात. पर ती भाकर घेऊन उन्हात डोंगर चढत होती, तेवढं एका वाक्यात सांगून पुढं जाताव."

मी गप्प झालो. ही कथा माझ्या कीर्तनाचा हुकमी एक्का होती. जिजाई तुकोबांना शोधत भंडाऱ्याचा डोंगर चढते, पायात काटा मोडतो, आणि ज्या पांडुरंगाला ती बोल लावते तोच येऊन तिचा पाय हातात घेतो आणि काटा काढतो. शेकडो वेळा मी ही कथा रंगवली असेल. जिजाईच्या रागावर लोकांना हसवायचं आणि देवाच्या कृपेवर त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं, हे माझ्या हातचं होतं. बायकांच्या घोळक्यात मंडळी प्रत्येक वेळी बसलेल्या असायच्या. त्या हसत होत्या की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

देवानं जिजाईचा पाय हातात घेतला, तेव्हा तो कोणापासून काही लपवत नव्हता. आणि देवाचं गुणगान करून ज्याचं पोट भरलं, त्याला चार घटका बायकोची चपल उघड हातात धरता आली नाही.

त्या रात्री धर्मशाळेत झोप लागली नाही. नामदेवरायांची तीर्थावळी मनात फिरत राहिली. तिचा अर्ध्याच तोंडानं दिलेला दाखला मला खुपू लागला. नामदेव पंढरी सोडायला तयार नव्हते, हे खरं. पण मग गेले कशासाठी? ज्ञानोबा माउलींना तीर्थांचं काही अप्रूप होतं का? ज्यांनी भिंत चालवली, त्यांना चालत जाऊन काय बघायचं होतं? त्यांना नामदेवांची संगत हवी होती. पांडुरंगानंही नामदेवांना अडवलं नाही. माउलींच्या हाती सोपवून पाठवलं. कोलायतच्या विहिरीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दोघं तहानलेले, पाणी खोल. माउली योगबळानं आत उतरले, नामदेवांनी देवाला हाक मारली आणि विहीर काठोकाठ भरून आली. तिथं दोघांना एकमेकांचं मोठेपण दिसलं. घरी बसून ते दिसलं नसतं. तीर्थयात्रेत त्यांनी क्षेत्रं पाहिली ती पाहिलीच, पण मुख्य म्हणजे एकमेकांना पाहिलं.

मग सहल आणि यात्रा यांत फरक कोणता? मला आता असं वाटतं, की फरक गावात नाही. काशीला जाऊनही माणूस फक्त स्वतःचं पुण्य मोजत येऊ शकतो. बरोबरचं माणूस थकलं, उपाशी राहिलं, मागं पडलं, त्याला पत्ता नसतो. ती यात्रा नव्हे, देवाच्या नावानं केलेला व्यापार आहे. आणि अनोळखी शहरात, ट्रामच्या बाकावर, ज्याला पन्नास वर्षं पाठमोरं ठेवलं त्याच्या मनातलं एक वाक्य कानी पडलं, तर तो दिवस तीर्थासारखा. भूतमात्रात भगवंत आहे असं आपण व्यासपीठावरून सांगतो. त्या भूतमात्रात घरची बाईमाणूस धरली आहे का, हा प्रश्न आपला आपण विचारायचा.

यावर कोणी म्हणेल, 'महाराज, हे सगळं परमुलखात सुचलं. तिथं ओळखणारं कोणी नव्हतं, म्हणून शेजारी बसलात.' हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणी पाहत नसताना चांगलं वागणं ही मोठी गोष्ट, असं आपण मानतो. माझं उलटं झालं. कोणी पाहत नव्हतं तोवर मी बरा वागलो, आणि ओळखीचे दोन डोळे दिसताच हात उपरण्याखाली गेला. म्हणजे मला वाईट कर्माची लाज नव्हती, सेवेची लाज होती. ज्या पंथात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्या पंथात पन्नास वर्षं काढून ही गत!

परत आल्यावर फाल्गुनात तुकाराम बीजेला प्रवचनाचा आग्रह झाला. मी जिजाईची कथा घेतली. या वेळी तिच्या रागावर हसवलं नाही. ती किती वाजता उठली असेल, घरात दाणा नसताना भाकर कुठून आणली असेल, पोरं कोणाजवळ ठेवली असतील, डोंगराची वाट कशी असेल, यावरच बोललो. मग चपलेची गोष्ट सांगून टाकली. सभा अगदी शांत होती.

नंतर लोक पाया पडायला आले. "महाराज, केवढी निरभिमानता!" म्हणाले. आणि माउली, मला ते ऐकून बरं वाटलं. तेव्हा ध्यानात आलं, की कबुली देऊनही मानच मिळवता येतो. चपल उघड्यावर धरणं वेगळं आणि धरली नाही असं सांगून शाबासकी घेणं वेगळं.

घरी आल्यावर मंडळी म्हणाल्या, "चपलेचं सांगायची काय गरज होती? त्या दोघांची नावं घेतली न्हाईत, तेवढं बरं केलं." आणि पहिल्यांदा त्या त्या प्रसंगावर हसल्या.

त्या तरुणाला मी शेवटी एवढंच सांगितलं, "काशीला जा, शहर बघायला जा, दोन्हीकडं जा. पण पुढं पुढं चालू नको."

मोठं काही माझ्या हातून झालेलं नाही. केशवराजाच्या दर्शनाहून परतताना पाय सवयीनं पुढं पडतात. बाजाराच्या कोपऱ्यावर आठवण होते, मग थांबतो. दुकानदार विचारतात, "महाराज, काय पाहिजे?" मी म्हणतो, "काही नको, मंडळी मागून येतायत."

॥ रामकृष्णहरि ॥